शेवटच्या रांगेतला माणूस



मी हैदराबादचा. चौतीस वर्षं बँकेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. मी गायक नाही, नट नाही, समीक्षक तर नाहीच. आमच्या महाराष्ट्र मंडळाचा मी बरीच वर्षं चिटणीस होतो, एवढीच माझी नाटकाशी ओळख. आज तुम्हाला एका कौटुंबिक सहलीची गोष्ट सांगणार आहे. पण त्याआधी एका ठरावाबद्दल सांगायला हवं, कारण तो ठराव माझ्या हस्ताक्षरात आहे.

आमच्या मंडळात गणेशोत्सवात दरवर्षी संगीत नाटक व्हायचं. माझे वडील रेल्वेत होते आणि ऑर्गन वाजवायचे. काचीगुड्याच्या आमच्या दोन खोल्यांत जुलै उजाडला की तालमी सुरू व्हायच्या. ‘सौभद्र’, ‘शारदा’, पुन्हा ‘सौभद्र’. आपल्यापैकी इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, धारवाडकडच्या मंडळींना हे चित्र वेगळं सांगायला नको.

२००९ साली आमच्याकडे सुभद्रा नव्हती. जी बाई ते काम करायची तिच्या नवऱ्याची बदली झाली. अर्जुनाचा आवाज दोन वर्षांपासून वरच्या षड्जाला फाटत होता. आदल्या वर्षी चालू पदात लोक उठून बाहेर गेलेले मी पाहिले होते. मी कार्यकारिणीपुढे ठराव मांडला: दर्जा राखता येत नसेल तर नाटक करू नये, त्याऐवजी पुण्याहून ऑर्केस्ट्रा बोलवावा. ठराव एकमताने मंजूर झाला. ऑर्केस्ट्रा आला, हॉल भरला, वर्गणी वाढली. सगळे म्हणाले, बरं केलंत.

एक माणूस मात्र काही म्हणाला नाही. माझा शाळेपासूनचा मित्र. त्याने तीस वर्षं त्या नाटकांत काम केलं होतं. कसलं काम? भालदार, शिष्य, सारथी, जे उरेल ते. त्याला कधी चारपेक्षा जास्त वाक्यं मिळाली नाहीत. पद तर कधीच नाही. नाटक बंद झालं आणि तो मंडळात यायचा थांबला. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

आता सहलीकडे येतो.

माझी मुलगी मॅंचेस्टरला असते. २०१२ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. लंडनमध्ये ऑलिम्पिक चालू होतं. माझ्या मनात हॉकी बघायची होती. बायकोला लंडन बघायचं होतं. जावयांना स्कॉटलंडचे डोंगर चढायचे होते. आणि मुलीने जाहीर केलं की आपण पाच दिवस बक्स्टनला जातोय, तिथे हौशी मंडळींचा विनोदी ऑपेरांचा महोत्सव असतो.

मी विचारलं, “हौशी?”

ती म्हणाली, “हो बाबा, हौशीच.”

मी गप्प बसलो, पण मनात म्हटलं, हौशी नाटक बघायला जवळजवळ आठ हजार किलोमीटर कशाला यायचं? ते तर मी बंद करून आलोय.

यामागे खरा हट्ट नऊ वर्षांच्या नातवाचा होता. त्याच्या शाळेत ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ या ऑपेराचा छोटा प्रयोग झाला होता आणि त्यात तो पोलीस झाला होता. ते खूळ उतरलंच नव्हतं. त्याचं मराठी म्हणजे ‘आजोबा, पाणी’ आणि ‘आजोबा, चला’. माझं इंग्रजी बँकेतलं. पंधरा दिवस झाले होते आणि आम्हा दोघांचं बोलणं पाणी आणि चला यांच्यापुढे गेलं नव्हतं. हे मला किती लागत होतं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मॅंचेस्टरहून बक्स्टनला जायला रेल्वेने साधारण तास लागतो. गाडी हळूहळू डोंगरात चढते. डर्बीशायरमधलं हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर आहे. जुनं आरोग्यस्थळ. जमिनीतून २७-२८ अंशांचं कोमट पाणी येतं आणि सेंट ॲनची विहीर म्हणून जे ठिकाण आहे तिथल्या नळावर लोक बाटल्या भरून फुकट नेतात. अठराव्या शतकात डेव्हनशायरच्या ड्यूकने इथे अर्धचंद्राच्या आकाराची देखणी इमारत बांधली, लोक पाणी घ्यायला यावेत म्हणून. आणि १९०३ साली उभं राहिलं ऑपेरा हाऊस. फ्रॅंक मॅचम नावाच्या वास्तुकाराचं काम. साधारण नऊशे आसनं, सोनेरी नक्षी, रंगवलेलं छत. मधल्या काळात त्याचं सिनेमाघर झालं होतं. १९७९ मध्ये दुरुस्त होऊन ते पुन्हा नाटकासाठी उघडलं. आपल्याकडची किती थिएटरं सिनेमाघरं झाली आणि परत आली नाहीत, हे आठवून मला पहिल्याच दिवशी जरा हेवा वाटला.

आता हे ऑपेरा म्हणजे काय, ते सांगतो. ऑपेरा म्हटलं की आपल्याला तासन्‌तास गाणारी जाडजूड माणसं आठवतात. हे तसं नाही. यात मधे मधे गद्य संवाद आहेत, पदं आहेत, गोष्ट विनोदी आहे. म्हणजे आपलं संगीत नाटकच. शब्द लिहिणारे डब्ल्यू. एस. गिल्बर्ट, संगीत देणारे आर्थर सलिव्हन, आणि दोघांना एकत्र आणून पैसा उभा करणारे रिचर्ड डॉइली कार्ट. १८७१ ते १८९६ या काळात या जोडीने चौदा ऑपेरा केले. मधे कडाक्याचं भांडण झालं, तेही थिएटरात घातलेल्या नव्या गालिच्याच्या खर्चावरून. आपल्या नाटक कंपन्यांचा इतिहास वाचलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

गोष्टी कशा असतात बघा. ‘पायरेट्स’मध्ये एका आयाला मालक सांगतो, मुलाला जहाजाच्या पायलटकडे, म्हणजे वाटाड्याकडे, उमेदवारीला ठेव. तिला नीट ऐकू येत नाही. ती पायलटऐवजी पायरेट ऐकते आणि पोराला चाच्यांकडे ठेवून येते. करार असा की एकविसाव्या वाढदिवसापर्यंत तो त्यांचाच. आणि पोरगा जन्मलाय २९ फेब्रुवारीला! म्हणजे एकवीस वर्षांचा झाला तरी वाढदिवस पाचच. चाचेही असे की अनाथ माणसाला हात लावत नाहीत. त्यामुळे पकडलेला प्रत्येक जण म्हणतो, मी अनाथ आहे, आणि बिचाऱ्यांचा धंदा बसलाय.

हा ऑपेरा न्यूयॉर्कमध्ये उघडला ३१ डिसेंबर १८७९ ला. आणि बरोबर दहा महिन्यांनी, ३१ ऑक्टोबर १८८० ला, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पडदा उघडला. ‘सौभद्र’ आलं १८८२ मध्ये, त्याच वर्षी लंडनमध्ये यांचं ‘आयोलांथी’ आलं. मी या दोघांत नातं जोडत नाही. काळ तेवढा एक आहे. पण दोन्हीकडे विनोदाची रीत मात्र सारखी दिसते. ‘सौभद्र’मध्ये कृष्ण आणि बलराम शेजारच्या वाड्यातल्या भावांसारखे लग्न जुळवण्यावरून कुरबुरतात. ‘आयोलांथी’मध्ये परीच्या पोराचं लग्न अडतं आणि अख्खं उमरावांचं सभागृह त्यात पाय घालतं.

मग दोन्हींचं पुढे काय झालं? डॉइली कार्टच्या कंपनीने हे खेळ शंभरावर वर्षं चालवले. व्यावसायिक हक्क त्यांच्याकडेच होते. हौशी मंडळींना परवानगी द्यायचे, पण वाद्यांची कागदपत्रं त्यांच्याकडूनच भाड्याने घ्यायची, प्रयोगही ठरल्या पद्धतीनेच करायचा. १९६१ च्या अखेरीस कॉपीराइट संपला. १९८२ मध्ये पैशाअभावी ती कंपनीही बंद पडली. आता हे संपणार असं लोकांना वाटलं असणार. पण संपलं नाही, कारण गावोगावच्या हौशी मंडळ्यांकडे ते केव्हाच पोहोचलं होतं. चर्चच्या हॉलमध्ये, शाळेत, कारखान्याच्या क्लबात. १९९४ मध्ये इयन स्मिथ आणि नील स्मिथ या बापलेकांनी अशा मंडळ्यांना एकत्र बोलावून बक्स्टनमध्ये महोत्सव सुरू केला. पुढे काही वर्षं तो हॅरोगेटलाही भरला. पण आम्ही गेलो तेव्हा सगळा मुक्काम बक्स्टनलाच होता.

तिथली तेव्हाची रीत अशी. जवळजवळ रोज रात्री वेगळी मंडळी यायची. बहुतेकांचा एकच प्रयोग. सकाळी सामान उतरवायचं, दुपारी रंगमंच समजून घ्यायचा, संध्याकाळी पडदा. साथीला व्यावसायिक वाद्यवृंद महोत्सवच पुरवायचा. म्हणजे गाणारा शाळामास्तर किंवा औषध दुकानदार असला तरी खाली वाजवणारे पक्के. खेळ संपला की परीक्षक रंगमंचावर यायचा आणि सगळ्या प्रेक्षकांसमोर, नटांच्या देखत, दहा मिनिटं काय चांगलं झालं आणि काय फसलं ते सांगायचा. मग मध्यरात्रीपर्यंत क्लबात गाणी. गावात हिंडताना दुकानांच्या काचांत पोस्टरं, आणि दुपारी भर पावसात खलाशाच्या वेषातला माणूस बटाट्याचे काप खात चाललेला.

पहिल्या रात्री ‘पायरेट्स’च होतं. त्यात एक मेजर जनरल आहे. तो एका दमात आपल्या विद्वत्तेची जंत्री म्हणतो. गणित येतं, इतिहास येतो, प्राणिशास्त्र येतं, फक्त युद्धातलं काही येत नाही. शब्दाला शब्द घासतात, श्वास घ्यायला जागा नाही. नातू शेजारी बसून ओठ हलवत होता. त्याला सगळं पाठ.

गेस्ट हाऊसवर परतल्यावर त्याने ते मला म्हणून दाखवलं. न चुकता. मी म्हटलं, आमच्याकडेही असं असतं, त्याला कटाव म्हणतात. आणि मला माझ्या वडिलांनी लहानपणी पाठ करून घेतलेला एक कटाव आठवला. पन्नास वर्षांत म्हटला नव्हता. मधे दोनदा अडलो, पण म्हटला. पोरगा डोळे विस्फारून बघत राहिला. अर्थ एक अक्षर कळला नसणार. तो इंग्रजीत म्हणाला, “अगेन. पण फास्ट.” रात्री साडेअकरा वाजता आम्ही दोघं खाटेवर बसून शर्यत लावली. बायको आतून ओरडली, “अहो, शेजारी लोक झोपलेत!” शेजारच्या खोलीतून टाळ्या ऐकू आल्या. तिथेही कोणत्या तरी मंडळीतलेच लोक उतरले होते.

आमच्या दोघांत अडलेलं बोलणं त्या रात्री सुटलं. पुढचे चार दिवस त्याने माझ्याकडून कटाव शिकला आणि मी त्याच्याकडून मेजर जनरल. मला अजून निम्माच येतो.

आता चौथ्या रात्रीचं सांगतो. त्यासाठीच खरं तर आज बोलायला उभा राहिलोय.

एका छोट्या गावच्या मंडळीचा ‘एच. एम. एस. पिनाफोर’ होता. हा खेळ १८७८ चा. जहाजावरच्या साध्या खलाशाचं कप्तानाच्या मुलीवर प्रेम, आणि कधी समुद्रावर न गेलेला नौदलाचा मंत्री तिला मागणी घालतो. शेवटी कळतं की लहानपणी दोन मुलांची अदलाबदल झाली होती, म्हणून कप्तान खलाशी होतो आणि खलाशी कप्तान. पडदा उघडला आणि दहा मिनिटांत माझ्यातला चिटणीस जागा झाला. नायकाचा आवाज वर जाताना फाटत होता. अगदी आमच्या अर्जुनासारखा. मी मनात शेरे लिहायला सुरुवात केली.

खलाशांच्या समूहात शेवटच्या रांगेत एक म्हातारा होता. पंच्याहत्तरीच्या पुढचा. सगळे उजवीकडे वळले की हा अर्ध्या मात्रेने उशिरा वळायचा. त्याला धड उभं राहवत नव्हतं. पण जहाजाचा कठडा असा लावला होता की त्याचा हात कायम त्यावर असे. बाकीचे नाचत पुढे यायचे तेव्हा त्याला दोर ओढायचं काम दिलेलं. दुसरे खलाशी फिरत फिरत त्याच्याजवळून जात, आणि दर वेळी कोणीतरी खांद्याला खांदा लावून त्याला जागेवर आणत असे. हे माझ्या लक्षात आलं ते दुसऱ्या अंकात. मुलीच्या तर लक्षातच आलं नव्हतं.

खेळ संपला. परीक्षक आला. त्याने गोड बोलून सोडलं नाही. नायकाला सांगितलं, वरच्या सुरासाठी घाई करतोस, आधीच्या ओळीत श्वास साठव. प्रकाश योजनेला नावं ठेवली. दोन ठिकाणी लय ओढत होती, म्हणाला. नायक रंगमंचावरच उभा होता, मान हलवत ऐकत होता. मग परीक्षक म्हणाला, समूहाची मांडणी ही आजच्या प्रयोगातली सर्वांत चांगली गोष्ट, कारण तिथे प्रत्येक माणसाला जहाजावर काहीतरी काम होतं, नुसतं उभं कोणीच नव्हतं. म्हाताऱ्याचं नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मला आवडलं नसतं.

मंडळी, मी तिथे बसलो होतो आणि मला माझा ठराव अक्षरशः दिसत होता. ‘दर्जा राखता येत नसेल तर.’ दर्जा कोणाचा मोजला होता मी? सुभद्रेचा आणि अर्जुनाचा. भालदाराचा मी विचारच केला नव्हता. दोन माणसं गेली म्हणून मी तीस माणसांचं नाटक बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या विहिरीच्या नळावर तो म्हातारा भेटला. बाटली भरत होता. नातवाने ओळखलं आणि सरळ विचारलं, तुम्ही काल जहाजावर होतात ना? तो खूष झाला. चव्वेचाळीस वर्षं मंडळीत आहे म्हणाला. मी विचारलं, कधी मोठं काम केलंत? तो हसला. म्हणाला, एकट्याने गायची एक ओळही कधी मिळाली नाही, आणि मागितलीही नाही. मग म्हणाला, मंगळवारी तालीम असते. बायको गेली त्या आठवड्यातही मंगळवार आला. मी गेलो. दुसरं कुठे जाणार?

त्याने बाटलीचं झाकण लावलं आणि गेला. मी हैदराबादला माझ्या मित्राचा मंगळवार काढून घेतला होता.

तिथून परत येईपर्यंत माझ्या डोक्यात हिशेब चालू होता. बँकेची सवय. हौशी मंडळ्यांच्या हाती यांचं नाटक टिकलं आणि आपलं अनेक ठिकाणी का मावळलं? भाषेचं प्रेम कमी पडलं, टीव्ही आला, मोबाइल आला, ही कारणं आपण नेहमी देतो. मोबाइल त्यांच्याकडेही आहेत. मला एक साधं कारण दिसलं. गिल्बर्टच्या ऑपेरात समूह हे एक पात्रच असतं. खलाशी, पोलीस, परी, उमराव. ते नुसते शोभेला नसतात, गोष्टीत असतात, भांडतात, मत देतात. म्हणजे लिहितानाच वीस-तीस साध्या आवाजांची सोय केलेली आहे. आपलं संगीत नाटक हे गायक नटाचं. तो एकटा राग फुलवणार, वन्स मोअर घेणार. ते आपलं वैभव आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण चांगला गायक सोडून गेला की मंडळाकडे काही उरत नाही. बाकीच्यांना गाण्यात जागा नसते.

एक जागा मात्र आहे, आणि ती आपल्या डोळ्यांसमोर असते. नांदी! नाटकाच्या सुरुवातीला सगळे नट मिळून म्हणतात ती. आम्ही ती दोन मिनिटांत उरकायचो, कारण लोक अजून खुर्च्या शोधत असायचे.

तिथलं सगळंच छान होतं असं मात्र समजू नका. प्रेक्षकांत बहुतेक पांढरी डोकी. विद्यापीठांच्या मंडळ्यांत तरुण पोरं दिसायची, पण थिएटरात माझ्या वयाचेच जास्त. आणि ‘मिकाडो’च्या पोस्टरसमोर जावई थबकले. गोरी माणसं जपानी झालेली. ते म्हणाले, हे मला बघवेल असं वाटत नाही. त्यांचं बरोबर होतं. गिल्बर्टने १८८५ मध्ये टर उडवली ती इंग्रजांचीच, जपान नुसतं सोंग. तरी त्या सोंगाचा त्रास आजच्या माणसाला होतो. १९०७ मध्ये जपानी राजपुत्र येणार म्हणून इंग्रज सरकारनेच काही आठवडे त्याच्या प्रयोगांवर बंदी घातली होती. पण त्याच ‘मिकाडो’त कोणाकोणाची मुंडकी उडवावीत याची यादी गाणारं एक पद आहे आणि ती यादी प्रत्येक मंडळी आपल्या गावाप्रमाणे, त्या आठवड्याच्या बातम्यांप्रमाणे नवी लिहिते. जुन्या वस्तूत हात घालायची मुभा त्यांनी घेतली आहे. आपण जुन्या नाटकांना एकतर हात लावत नाही, नाहीतर ती बंद करतो.

हैदराबादला आलो आणि आठव्या दिवशी मित्राकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं. बक्स्टन, म्हातारा, मंगळवार. माझं चुकलं असंही म्हणालो.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ठराव करताना विचारलं होतंस का मला?”

मी म्हटलं, “नाही.”

“मग आता कशाला विचारतोस? तुझं मन हलकं करायला?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा पिऊन परत आलो.

पण नाटक सुरू केलं. २०१३ च्या गणपतीत. पूर्ण ‘सौभद्र’ करायची ताकद नव्हती, तेव्हा निवडक प्रवेश, निवडक पदं आणि मधे निवेदन, असा दीड तासाचा खेळ बसवला. तीन गोष्टी बक्स्टनहून उचलल्या. पहिली, नांदी सगळ्यांची. जो येईल तो. स्वर चुकला तरी चालेल, तालमीला आलंच पाहिजे. बावीस जण आले. त्यात दोन तेलुगू सुना आणि एक तेलुगू जावई. त्यांना नांदी तेलुगू लिपीत लिहून दिली. दुसरी, साथ पक्की हवी. त्यासाठी ऑर्गन आणि तबल्याला जाणकार माणसं पैसे देऊन बोलावली, ऑर्केस्ट्राच्या बिदागीच्या दहाव्या हिश्श्यात. तिसरी, खेळ संपल्यावर बाहेरच्या जाणकाराने रंगमंचावर येऊन खरं काय ते बोलायचं. याला फार विरोध झाला. लोक म्हणाले, आपल्या माणसांचा चारचौघांत अपमान कशाला? पहिल्या वर्षी आलेल्या बाईंनी आमच्या कृष्णाला सांगितलं, तुम्ही प्रेक्षकांकडे बघून गाता, रुक्मिणीकडे बघतच नाही. हॉल हसला. कृष्णही हसला. आणि पुढच्या वर्षी त्याने रुक्मिणीकडे बघितलं.

मित्र पहिल्या तालमीला आला नाही. दुसरीला नाही. तिसरीला मागच्या दाराने आला आणि पडद्याच्या दोऱ्या तपासू लागला. म्हणाला, “दोरी कुजली आहे. बदल.” मी बदलली. नांदीच्या वेळी तो विंगेत दोरी धरून उभा होता आणि तिथूनच म्हणत होता. अर्ध्या मात्रेने उशिरा. पुढच्या वर्षी तो रंगमंचावर आला. शेवटच्या रांगेत, एका खांबाला हात लावून. तो खांब मीच तिथे ठेवला होता. त्याने ओळखलं असणार, पण आमचं त्यावर कधी बोलणं झालं नाही.

करोनाची दोन वर्षं सोडली तर खेळ अजून चालू आहे. वाईट होतो, कधी बरा होतो, एकदा खरोखर चांगला झाला. नातू आता मोठा झालाय. त्याचं मराठी फारसं सुधारलं नाही, पण कटाव पाठ आहे आणि फोनवर अजून मला हरवतो.

तुम्ही हे कुठे ऐकत असाल मला माहीत नाही. रायपूर, बेंगळुरू, जबलपूर, बेळगाव, दिल्ली. तुमच्या मंडळातही एखादं नाटक बंद पडलेलं असेल आणि बंद करणाऱ्याची कारणं माझ्यासारखीच पटण्याजोगी असतील. माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या बैठकीत दर्जाची चर्चा निघाली तर आधी एक यादी करा. नाटक थांबल्यापासून कोण कोण मंडळात यायचं थांबलं, त्यांची नावं लिहा. त्यांत नायक-नायिका फार नसतील. मग त्यांतल्या एकाच्या घरी जा. तो तुम्हाला माझ्या मित्रासारखं सुनावेल, ते ऐकून घ्या. आणि तालमीचा दिवस ठरवा. मंगळवारच हवा असं नाही.